मिलानची डर्बी: एसी मिलान विरुद्ध इंटर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डर्बी म्हणजे एकाच शहरातल्या दोन फुटबॉल क्लबांमधला सामना. डर्बीचा आठवडा आला की तेच तेच प्रश्न नव्याने येतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि किचकट शेवटी. खाली नुसतं ‘मिलान’ म्हटलं की एसी मिलान हा क्लब समजावा; शहराबद्दल बोलताना ‘मिलान शहर’ असं लिहिलं आहे.

१. ही डर्बी नेमकी कोणाची, आणि तिला ‘डेर्बी देल्ला मादोन्निना’ का म्हणतात?

इटलीतल्या मिलान शहरात दोन मोठे क्लब आहेत: लाल-काळ्या पट्ट्यांचा एसी मिलान आणि निळ्या-काळ्या पट्ट्यांचा इंटर. शहराच्या मधोमध दुओमो हे कॅथेड्रल आहे. त्याच्या सर्वांत उंच शिखरावर, जमिनीपासून १०८ मीटरवर, मेरीचा सोनेरी पुतळा १७७४ पासून उभा आहे. हीच मादोन्निना. शहर तिचं, म्हणून डर्बीही तिच्या नावाची.

सेरी आ या इटलीतल्या सर्वोच्च लीगमध्ये दोघांची वर्षातून दोनदा गाठ पडते. कोप्पा इतालिया, सुपरकोप्पा या इटलीतल्या चषकस्पर्धांत किंवा युरोपभरच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पडली तर ते सामने वेगळे. २०२४-२५ च्या हंगामात एकूण पाच डर्बी झाल्या आणि इंटरला त्यातली एकही जिंकता आली नाही: तीन मिलानने घेतल्या, दोन बरोबरीत सुटल्या.

२. एकाच शहरात दोन क्लब कसे झाले?

भांडणातून. मिलान क्लब डिसेंबर १८९९ मध्ये निघाला. हर्बर्ट किल्पिन, आल्फ्रेड एडवर्ड्स अशी इंग्रज मंडळी त्यात पुढे होती, क्रिकेटचा विभागही होता. ‘मिलानो’ न म्हणता ‘मिलान’ हे इंग्रजी वळण तेव्हापासूनचं. पुढे परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही यावरून क्लबात दोन तट पडले. घ्यायलाच हवेत म्हणणारे बाहेर पडले आणि ९ मार्च १९०८ च्या रात्री ‘ओरोलोजो’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये त्यांनी नवा क्लब काढला. क्लब सर्व देशांच्या खेळाडूंना खुला, म्हणून नाव ‘इंतरनात्सिओनाले’. क्लबाचं चिन्ह जॉर्जो मुज्जानी या चित्रकाराने काढलं. काळा-निळा रंग तेव्हापासूनचा.

पहिला सामना त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला झाला, तोही इटलीत नव्हे, सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमधल्या किआस्सो गावी. मिलान २-१ ने जिंकला.

फॅसिस्ट राजवटीला दोन्ही नावं खटकली. इंटरला १९२८ मध्ये दुसऱ्या एका क्लबात विलीन करून ‘आंब्रोसिआना’ केलं, मिलानला पुढे ‘मिलानो’ व्हावं लागलं. युद्ध संपल्यावर दोघांनी आपापली जुनी नावं परत घेतली.

३. मिलान कामगारांचा आणि इंटर श्रीमंतांचा, हे खरं आहे का?

एके काळी बऱ्याच अंशी होतं, आता नाही. मिलानच्या पाठीराख्यांना स्थानिक बोलीत ‘काशाविट’ म्हणत, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, कारखान्यातली माणसं. इंटरवाल्यांना ‘बाउशा’, म्हणजे बढाईखोर, खिशात पैसा असलेले. साठच्या दशकापर्यंत या चिडवण्यात तथ्य होतं. १९८६ मध्ये अब्जाधीश बर्लुस्कोनींनी मिलान विकत घेतल्यावर गरीब-श्रीमंत हिशोब पार उलटापालटा झाला. आज दोन्हीकडे अमेरिकी गुंतवणूकदार मालक आहेत: मिलानकडे २०२२ पासून रेडबर्ड, इंटरकडे मे २०२४ पासून ओकट्री. शहरात एकाच घरात बाप इंटरचा आणि मुलगी मिलानची असणं अगदी नेहमीचं. बाजू मोहल्ल्यावरून किंवा धंद्यावरून ठरत नाही.

४. मैदानाचं नाव सान सिरो की जुझेप्पे मेआत्सा?

दोन्ही बरोबर. सान सिरो हा भाग, मेआत्सा हे १९८० पासूनचं अधिकृत नाव. मेआत्सा इंटरचा महान खेळाडू. पण १९४० नंतर तो मिलानकडूनही खेळला. तरी मिलानवाले सहसा ‘सान सिरो’च म्हणतात.

गंमत म्हणजे हे मैदान मुळात मिलानचं. क्लबाचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांनी ते बांधून घेतलं. १९ सप्टेंबर १९२६ रोजी उद्घाटनाला डर्बी ठेवली आणि इंटरने यजमानांना ६-३ ने धुतलं. १९३५ मध्ये ते महापालिकेकडे गेलं, १९४७ पासून इंटरही तिथेच खेळू लागला.

५. दोघांचं मैदान एकच, मग ‘घरचा संघ’ कोण आणि त्याने फरक काय पडतो?

वेळापत्रकात ज्याचं नाव आधी, तो यजमान. ‘मिलान-इंटर’ असेल तर मिलान, ‘इंटर-मिलान’ असेल तर इंटर. खेळपट्टी तीच, प्रवास शून्य, ड्रेसिंग रूमही ज्याची त्याची ठरलेली. तरी कागदावरच्या या फरकाला वजन आहे:

तिकिटं यजमान विकतो आणि गल्लाही त्याचाच. त्याची सीझन तिकिटं त्या दिवशी चालतात, पाहुण्या क्लबाची चालत नाहीत. त्यामुळे स्टेडियमचा मोठा भाग यजमानाच्या रंगाचा असतो आणि कानावर पडणाऱ्या आवाजात हा फरक चटकन कळतो. लाउडस्पीकरवरची गाणी, गोल झाल्यावर खेळाडूचं नाव पुकारणं, हेही यजमानाच्या पद्धतीने. पाहुण्यांचे कट्टर पाठीराखे मात्र आपल्या नेहमीच्या टोकाला बसतात, म्हणून मैदानाच्या दोन टोकांना दोन महाकाय चित्रफलक समोरासमोर उलगडताना दिसतात. ही ‘कोरेओग्राफिआ’ खेळाडू बाहेर येताना काही मिनिटंच असते. उशिरा पोहोचणारे नेमकं हेच हुकवतात.

‘बाहेरच्या मैदानावरचा गोल’ या नियमाने या कागदी फरकाचं एकदा काय केलं ते प्रश्न १५ मध्ये पाहा.

६. डर्बीला मारामाऱ्या होतात का?

रोम किंवा इतर काही शहरांच्या मानाने फार कमी. दोन्ही ‘कुर्वा’, म्हणजे गोलांमागच्या कट्टर गटांमध्ये (दक्षिणेला मिलान, उत्तरेला इंटर), १९८३ पासून एकमेकांवर हल्ला न करण्याचा समझोता आहे. टोमणे, फलक, शिट्ट्या भरपूर; हातघाई क्वचित. मैदानाबाहेर दोन रंगांचे मित्र एकत्र येताना सर्रास दिसतात.

या शांततेची दुसरी बाजूही आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांनी दोन्ही कुर्वांच्या म्होरक्यांसह १९ जणांना अटक केली. तिकिटांचा काळाबाजार, पार्किंग आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यांवरचा कब्जा असे आरोप होते. मैदानावरचे वैरी धंद्यात संगनमताने वागत होते, असं तपासयंत्रणेचं म्हणणं. तेव्हा समझोता म्हणजे निव्वळ खिलाडूवृत्ती, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल.

७. भारतात सामना किती वाजता दिसतो?

इटलीत घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेचार तास पुढे. उरलेल्या काळात साडेतीन.

डर्बी बहुधा तिथल्या २०:४५ ला असते. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री १:१५, उन्हाळ्यात १२:१५. दोन्ही वेळा तारीख उलटलेली असते: ‘रविवारची’ डर्बी लावायची तर अलार्म सोमवारचा लावा. संध्याकाळी १८:०० चा सामना असेल तर हिवाळ्यात १०:३०, उन्हाळ्यात ९:३०. प्रक्षेपणाचे हक्क हंगामागणिक हात बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं ॲप गृहीत धरू नका.

८. तिकीट कसं मिळवायचं?

आधी यजमान कोण ते पाहा (प्रश्न ५) आणि त्याच क्लबाच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. विक्री टप्प्याटप्प्याने होते: पहिल्यांदा सीझन तिकीटवाले, मग क्लबाचं सभासद-कार्ड असलेले, उरलं तर सर्वांसाठी. डर्बीला ‘उरलं तर’ हा टप्पा फार छोटा असतो. म्हणून बाहेरून येणाऱ्याने कार्ड आधीच काढून ठेवावं. विक्री सुरू झाल्यावर काढायला गेलात तर उशीर झालेला असतो.

तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि प्रवेशद्वाराशी ते ओळखपत्राशी ताडतात. आपल्याला मूळ पासपोर्ट लागतो. खरेदी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. आडनाव आणि नावाची अदलाबदल हा आपल्याकडच्या लोकांचा ठरलेला घोळ. चौघांची तिकिटं एकाच्याच नावावर काढता येत नाहीत, प्रत्येकाचा तपशील वेगळा लागतो. सीझन तिकीटवाला येणार नसेल तर तो आपली जागा क्लबाच्या अधिकृत व्यवस्थेतून पुन्हा विकू शकतो. अशा जागा शेवटच्या दिवसांत सुटतात, तेव्हा संकेतस्थळ पाहत राहणं फायद्याचं. मैदानाबाहेर हातात धरून विकलं जाणारं तिकीट खरं असलं तरी नाव दुसऱ्याचं असतं, आणि दारातून परत पाठवलं तर पैसे गेले.

आणखी एक: उन्हाळ्यात जाहीर होणाऱ्या वेळापत्रकात फक्त कितवी फेरी ते पक्कं असतं. सामना शुक्रवारी की सोमवारी, किती वाजता, हे टीव्हीच्या सोयीने नंतर ठरतं. विमानाचं तिकीट आधी काढायचंच असेल तर शुक्रवार ते सोमवार हे चारही दिवस हातात ठेवा.

९. मैदानावर कसं पोहोचायचं, आणि कुठली जागा घ्यायची?

जांभळ्या एम ५ मेट्रोचं शेवटचं स्थानक ‘सान सिरो स्तादिओ’, दाराशीच. मिलानो चेंत्राले स्थानकावरून हिरवी एम २ घेऊन गारिबाल्दीला उतरा आणि एम ५ पकडा. दुओमोहून लाल एम १ ने लोत्तो. तिथून एम ५ घ्या किंवा गर्दीच्या मागोमाग पंधरा-वीस मिनिटं चालत जा. मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कार्ड चालतं, फक्त आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवा. सामना संपल्यावर सान सिरो स्थानकावर गर्दी टप्प्याने आत सोडतात. लोत्तोपर्यंत चालत गेलेलं बहुतेक वेळा लवकर पडतं.

तिकिटावर दोन गोष्टी वाचायच्या: मजला आणि रंग. मजले तीन (पहिला, दुसरा, तिसरा ‘आनेल्लो’). रंग चार: रोस्सो पश्चिम, आरान्चो पूर्व, वेर्दे उत्तर, ब्लू दक्षिण. आरान्चोच्या बाजूला तिसरा मजला नाहीच. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरा मजला रोस्सो किंवा आरान्चो घ्यावा: खेळाची रचना दिसते आणि दोन्ही कुर्वा डोळ्यांसमोर राहतात. तिसरा स्वस्त आणि भन्नाट उंच. पण वर जायचे उतार मनोऱ्यांभोवती गोल गोल फिरतात, वेळ धरून निघा. पाण्याच्या बाटलीचं झाकण तपासणीत काढून घेतात. मोठी सॅक नेऊच नका.

१०. मी मिलानचा चाहता, तिकीट इंटरच्या भागात मिळालं. शर्ट घालू का?

रोस्सो-आरान्चोच्या बैठकीच्या भागात सहसा कोणी काही बोलत नाही, फार तर कोपरखळी मिळते. गोलामागच्या वेर्दे आणि ब्लू भागांच्या दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट कुर्वात, विरुद्ध रंग अजिबात नको. तिथे मोबाइलवर चित्रीकरण करत राहणंही खपत नाही. शिवाय तिथे नव्वद मिनिटं उभं राहावं लागतं.

११. जास्त डर्बी कोणी जिंकल्या?

अधिकृत सामन्यांत इंटर पुढे आहे. मैत्रीपूर्ण सामने धरले की मिलानचा आकडा बराच वर जातो. इंटरनेटवर दोन वेगळे निकाल दिसतात ते यामुळे. वाद घालण्याआधी समोरचा काय मोजतोय ते विचारा.

करंडकांचं म्हणाल तर मिलानचे ७ युरोपियन कप (म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग), इंटरचे ३. लीगमध्ये इंटरने २०२४ मध्ये विसावं जेतेपद घेऊन जर्सीवर दुसरा तारा लावला (दर दहा जेतेपदांना एक). मिलान तेव्हा १९ वर होता. त्यात जखमेवर मीठ असं, की ते विसावं जेतेपद २२ एप्रिल २०२४ च्या डर्बीतच पक्कं झालं. कागदावर यजमान मिलान, निकाल इंटर २-१, आणि तो इंटरचा सलग सहावा डर्बी विजय होता.

१२. विक्रम कोणते?

सर्वाधिक गोल मिलानचा आंद्री शेवचेन्को, १४. सर्वाधिक सामने मिलानचा पाओलो मालदिनी, ५६. इंटरकडून हाविएर झानेटी, ४७. सर्वांत झटपट गोल इंटरचा सांद्रो मात्सोला, १३ सेकंदांत, फेब्रुवारी १९६३. सर्वाधिक गोलांची लीगमधली डर्बी नोव्हेंबर १९४९ ची: मिलान ४-१ ने पुढे होता, इंटरने ६-५ ने घेतली.

मिलानवाले उठता-बसता ज्याची आठवण काढतात तो निकाल ११ मे २००१ चा: इंटर ०, मिलान ६. जानलुका कोमान्दिनी या फारशा गाजावाजा नसलेल्या तरुणाने पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले. मिलानचे प्रशिक्षक होते चेझारे मालदिनी, कर्णधार पाओलोचे वडील. इंटरवाल्यांकडे उत्तरादाखल ऑगस्ट २००९ चा ४-० आणि सप्टेंबर २०२३ चा ५-१ आहे, पण सहाचा हिशोब अजून चुकता झालेला नाही.

१३. दोन्हीकडून खेळलेले कोण? त्यांना गद्दार म्हणतात का?

यादी लांब आहे: मेआत्सा, बाज्जो, रोनाल्डो (ब्राझीलचा), व्हिएरी, क्रेस्पो, इब्राहिमोविच, बालोतेल्ली. प्रशिक्षकांत लिओनार्दो आणि स्तेफानो पिओली.

राग कोणाचा येतो ते कसा गेला यावर ठरतं. पिर्लो २००१ मध्ये आणि सीडोर्फ २००२ मध्ये इंटरने स्वतःहून मिलानला दिले आणि दोघे तिथे युरोपचे विजेते झाले. तिथे इंटरवाल्यांचा राग आपल्याच व्यवस्थापनावर. हाकान चालहानोलू २०२१ मध्ये करार संपवून, मिलानच्या हाती एक पैसाही न लागू देता इंटरकडे गेला. त्याच्यासाठी शिट्ट्या अजून थांबलेल्या नाहीत.

भावांचं उदाहरणही द्यायला हवं. बारेसी बंधूंपैकी जुझेप्पेला इंटरने घेतलं, धाकट्या फ्रांकोला नाकारलं. फ्रांको मिलानकडे गेला आणि आयुष्यभर तिथेच खेळला.

१४. एखाद्या वर्षी लीगमध्ये डर्बी झालीच नाही, असं झालंय का?

हो, १९८०-८१ आणि १९८२-८३ मध्ये. पहिल्या वेळी सट्टा प्रकरणात शिक्षा म्हणून मिलानला सेरी बी या खालच्या लीगमध्ये ढकललं, दुसऱ्या वेळी तो खेळूनच खाली गेला. १९२९ मध्ये सेरी आ सुरू झाल्यापासून इंटर कधीच खाली गेलेला नाही, आणि मिलानवाल्याला हे ऐकवायची संधी इंटरवाला सोडत नाही.

१५. २००३ मध्ये दोन्ही सामने बरोबरीत सुटले, दोन्ही याच मैदानावर. मग मिलान पुढे कसा गेला?

चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. ७ मेचा पहिला सामना, यजमान मिलान: ०-०. १३ मेचा दुसरा, यजमान इंटर: १-१. पहिल्या अर्ध्याच्या अखेरीस शेवचेन्कोने गोल केला, ८४ व्या मिनिटाला ओबाफेमी मार्टिन्सने बरोबरी साधली. एकूण १-१. तेव्हाच्या नियमाने एकूण गोल सारखे असतील तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे. दुसऱ्या सामन्यात मिलान कागदावर पाहुणा होता, त्यामुळे शेवचेन्कोचा गोल ‘बाहेरचा’ ठरला. इंटर पहिल्या सामन्यात पाहुणा असताना त्याचा गोल झालाच नव्हता. इंटर दोन्हींपैकी एकही सामना न हरता, आपल्याच मैदानावर बाद झाला. मार्टिन्सच्या गोलनंतर इंटरच्या कालोनचा फटका मिलानचा गोलरक्षक अब्बियातीने अडवला नसता तर हा नियम कोणाला आठवलाही नसता.

युरोपियन स्पर्धांत हा नियम २०२१-२२ पासून रद्द आहे. २०२३ मध्ये दोघे पुन्हा उपांत्य फेरीत भेटले तेव्हा त्याची गरजच पडली नाही: इंटर २-० आणि १-०.

१६. २००५ चा सामना अर्धवट का थांबला? निकाल ३-० कसा?

चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, दुसरा सामना, १२ एप्रिल २००५, यजमान इंटर. पहिला सामना मिलानने २-० ने घेतला होता, इथेही शेवचेन्कोने गोल केलेला. दुसऱ्या अर्ध्यात इंटरच्या काम्बिआसोचा गोल पंच मार्कुस मेर्क यांनी नाकारला आणि उत्तरेकडच्या कुर्वातून बाटल्या, पेटत्या मशाली येऊ लागल्या. एक मिलानचा गोलरक्षक दीदा याच्या खांद्यावर आदळली. संघ आत गेले, काही वेळाने परतले, पुन्हा मशाली आल्या आणि मेर्क यांनी सामना संपवला. यजमानाच्या प्रेक्षकांमुळे सामना बंद पडला, म्हणून युएफा या युरोपियन फुटबॉल संघटनेने मिलानला ३-० विजय बहाल केला. इंटरला दंड झाला आणि युरोपमधले पुढचे घरचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळावे लागले.

खेळ थांबलेला असताना इंटरचा मातेराझी मिलानच्या रुई कोस्टाच्या खांद्यावर कोपर टेकून धुराकडे बघतोय, हा फोटो त्याच रात्रीचा. हाच मातेराझी पुढे चेन्नईच्या चेन्नईयिन या क्लबाचा खेळाडू-प्रशिक्षक म्हणून भारतात आला, २०१४ मध्ये त्याच्या संघात मिलानचा नेस्ता खेळला, आणि २०१५ ची इंडियन सुपर लीग चेन्नईने मडगावच्या फातोर्ड्यावर गोव्याला ३-२ ने हरवून जिंकली.

१७. सान सिरो पाडणार आहेत म्हणे?

बरंचसं, हो. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस महापालिकेने विक्रीला मंजुरी दिली आणि ५ नोव्हेंबरला दोन्ही क्लबांनी मिळून मैदान व आजूबाजूची जमीन १९.७ कोटी युरोंना घेतली. घाई अशी, की १९५५ चा दुसरा मजला त्याच महिन्यात सत्तर वर्षांचा होणार होता आणि मग वारसा-संरक्षणाच्या कायद्याने पाडणं अवघड झालं असतं. शेजारीच ७१,५०० आसनांचं नवं स्टेडियम बांधायचं, ते उभं राहीपर्यंत जुन्यात खेळायचं आणि नंतर जुन्याचा थोडा भाग ठेवायचा, असा बेत आहे. नजर २०३२ च्या युरो या युरोपियन देशांच्या फुटबॉल स्पर्धेवर आहे. नवं मैदानही सामाईकच, तेव्हा प्रश्न ५ चं उत्तर तसंच राहील.

१८. हंगामाअखेर दोघांचे गुण सारखे झाले तर डर्बीचे निकाल धरतात का?

कितव्या जागेसाठी, यावर आहे. पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर २०२२-२३ पासून एकच निर्णायक सामना होतो. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. म्हणजे जेतेपदासाठी तिसरी डर्बी नियमात बसते, अजून झालेली नाही. इतर बहुतेक जागांसाठी आधी परस्परांतल्या दोन सामन्यांचे गुण, मग त्याच दोन सामन्यांतला गोलफरक आणि त्यानंतर संपूर्ण हंगामाचा गोलफरक.

२०२१-२२ मध्ये हा निर्णायक सामना नव्हता, जेतेपदालाही परस्परांतले निकालच लागू होते. ५ फेब्रुवारी २०२२ च्या डर्बीत इंटर १-० ने पुढे असताना मिलानच्या जिरूने ७५ व्या आणि ७८ व्या मिनिटाला गोल करून सामना फिरवला. पहिली डर्बी १-१ अशी सुटलेली असल्याने, त्या तीन मिनिटांनंतर गुण सारखे झाले असते तरी जेतेपद मिलानकडेच गेलं असतं. शेवटी मिलान ८६, इंटर ८४, आणि नियम वापरायची वेळ आली नाही.